कोल्हापूर : अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठं?

बुधवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरात पोचली तेव्हा पावसानं चांगलाच जोर धरला होता. वन्सं फलाटावर हजर. “काय वहिनी, पाऊस घेऊनच आलासा की! चला, आधी चहा घ्या, मग काय ते बोलू.” माझ्या या नणंदेचं सगळं आयुष्य मंगळवार पेठेत गेलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या शहरातल्या एका मुलींच्या बालगृहात रविवारी गणित शिकवायला जातात. त्यांच्यामुळेच आमचा या मुलींशी संबंध आला. डोंबिवलीतल्या आम्ही काही जणी दरमहा पैसे जमवतो आणि त्यातून तिथल्या मुलींच्या वह्या-पुस्तकांचा, क्लासचा, कॉलेजच्या फीचा खर्च उचलतो. यंदा मात्र वन्संचा फोन फीसाठी आला नव्हता. “तिघी बारावी पास झाल्यात. तिघींनाबी अठरा पूर्ण झाली. आता त्यांनी राहायचं कुठं, ते सांगा.” त्या एका प्रश्नासाठी मी कोल्हापूरला आले.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. बालगृहातल्या मुलीची ओळख उघड होईल असं काही छापायला कायद्यानं मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. उद्या कॉलेजात, सासरी, कचेरीत या मुलींनी आपली गोष्ट कुणाला आणि किती सांगायची, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

दुपारी बालगृहात गेलो. दारातून आत गेल्यावर आधी दिसले ते कपडे. पावसामुळे हॉलभर दोऱ्या बांधून वेगवेगळ्या शाळांचे गणवेश वाळत घातले होते आणि त्यांच्या खालून वाकून धाकट्या मुली पळापळी खेळत होत्या. अधीक्षिकाबाईंनी आम्हाला कार्यालयात नेलं आणि लोखंडी कपाट उघडलं. प्रत्येक मुलीची एक फाइल. समितीचा आदेश, जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे दाखले, डॉक्टरांचे कागद, घरभेटीचा अहवाल. काही फायली बोटभर जाड, काही नुसत्या चार पानांच्या. चार पानांची फाइल म्हणजे त्या मुलीच्या मागे कुणी सापडलेलं नाही.

कुणा नातेवाइकानं मुलगी आणून दारात सोडली आणि संस्थेनं ठेवून घेतली, असं आता होत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या किंवा आणून सोडलेल्या मुलीला, प्रवासाचा वेळ धरला नाही तर २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. तिला कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. मामा, आजी, मावशी यांच्यापैकी कुणी सांभाळायला तयार असेल तर बालसंगोपन योजनेतून त्या घराला महिना २२५० रुपये मिळू शकतात आणि मुलगी आपल्या माणसांत राहते. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, “घरी राहण्यासारखं असंल तर घरच. आमच्याकडं पोरगी यायला नको, हीच आमची इच्छा असती बघा.”

माझ्या मनात अनाथ मुलींचं घर म्हणजे आई-बाप दोघंही नसलेल्या मुलींचं घर, असं चित्र होतं. तशा मुली तिथे आहेत, पण कमी. बहुतेकींची आई जिवंत आहे. कुणाची विधवा, कुणाची टाकलेली, कुणाची मराठवाड्यातून इकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर येणारी. तोडीवर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि त्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतात. दसरा-दिवाळीनंतर घर सोडायचं ते उन्हाळ्यापर्यंत फडातच. दहा-अकरा वर्षांची मुलगी खोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. शाळा अर्ध्यात सुटते. ती तेरा-चौदाची झाली की एकटं खोपीवर ठेवायची भीती वाटते, म्हणून लग्न उरकतात आणि आणखी एक कोयता तयार होतो. बालगृहात आलेल्या काही मुली या रस्त्यावरून ऐन वेळी बाजूला काढलेल्या आहेत. त्यांच्या आयांना मी दोष देणार नाही. त्यांतली एक आई हंगाम संपला की लेकीला भेटायला येते आणि येताना गूळ आणते, असं अधीक्षिकाबाईंनी सांगितलं.

त्या तिघी संध्याकाळी भेटल्या. एकीला बी. एस्सी. करायचंय, एकीला बी. कॉम. तिसरीला कळंब्याच्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड हवाय. बालगृहातला पंखा, मिक्सर, ट्यूब सगळं तीच दुरुस्त करते. “मी बारक्यापणापासनं तारा जोडतो, मला भ्या वाटत न्हाई,” ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुलींच्या तोंडचं हे ‘मी जोडतो, मी येतो’ ऐकायला मला फार आवडतं.

गुरुवार

२६ जून, शाहू महाराजांची जयंती. राज्यभर हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात, कोल्हापुरात तो घरचा सण असतो. समता दिंडीसाठी बालगृहातल्या मोठ्या मुली लेझीम घेऊन जाणार होत्या, म्हणून आम्ही सकाळी सहालाच तिथे पोचलो.

वेण्या घालणं चाललं होतं. बालगृहात मुलींना सांभाळणाऱ्या मावशी जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर एक मुलगी, तिच्यामागे एक, तिच्यामागे आणखी एक, अशी भिंतीपर्यंत रांग. मावशी पहिलीच्या केसांत तेल घालत होत्या, रांगेतली प्रत्येक मुलगी पुढच्या मुलीचे केस विंचरून तयार ठेवत होती. मधे रिबिनींचा पत्र्याचा डबा. कुठल्या शाळेची लाल, कुठलीची निळी, कुठलीची पांढरी, हे मावशींना तोंडपाठ. एका सात-आठ वर्षांच्या मुलीचे केस अगदी बारीक कापलेले होते. ती नुकतीच आलेली, डोक्यात उवा आणि खरूज झाली होती म्हणून केस काढावे लागले. तीही रांगेत बसली. तिची पाळी आली तेव्हा मावशींनी तिच्याही डोक्याला तेल लावलं, टाळूवर सावकाश चोळलं आणि तिनं निवडलेली रिबीन मनगटाला बांधून दिली. मावशींचा पगार किती ते मी विचारलं नाही, पण संस्थेला देणगी देणाऱ्यांनी विचारायला हवं. या मुलींचं खरं पालनपोषण या बायकांच्या हातून होतं आणि बहुतेक देणगीदारांना पगाराला पैसे द्यायचे नसतात, वस्तू द्यायच्या असतात.

दिंडी दसरा चौकातून निघाली. पुतळ्याला हार, ढोल, शाळांची पथकं, अंगावर भुरभुर पाऊस. या चौकाच्या आसपास उभं राहिलं की कोल्हापूर वेगळं का आहे ते कळतं. १९०१ साली महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली. त्यांतलं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. खेड्यातला गरीब मुलगा शिकायचा तर आधी त्याला शहरात डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळा काढणारे पुष्कळ होते, पण राहायची सोय करणारा हा राजा. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम निघाला, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडही होता. लहानपणीच आईचं छत्र गेलेला, वयाच्या दहाव्या वर्षी दत्तक म्हणून दुसऱ्या घरात आलेला मुलगा पुढे इतक्या पोरांच्या राहण्या-खाण्याचा विचार करतो, याचं मला आश्चर्य वाटत नाही, उलट फार जवळचं वाटतं.

पण ही बोर्डिंगं मुलांची होती. मुलींसाठी त्यांनी काय केलं, तर माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट त्यांच्या घरातली आहे. १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी डुकराच्या शिकारीत अपघातानं गेले. त्यांची पत्नी इंदुमती, कोवळ्या वयात विधवा. त्या काळी राजघराण्यातल्या विधवेचं आयुष्य पडद्याआडच संपायचं. महाराजांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था शहराबाहेर सोनतळीच्या कॅम्पवर केली आणि तिच्यासोबत शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. घरच्यांचा विरोध होता, तो त्यांनी जुमानला नाही. पुढे याच इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरात बायकांच्या शिक्षणासाठी काम केलं. वन्सं त्यांचं नाव अजून मान तुकवून घेतात.

दिंडी संपल्यावर भिजलेल्या मुलींना घेऊन परत आलो. गरम गरम झुणका-भाकर तयार होती. संध्याकाळी दहावी झालेल्या मुली संगणकापुढे बसल्या. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. यादीची वाट बघत एकेकीचे पसंतीक्रम पुन्हा पुन्हा वाचून झाले.

शुक्रवार

आज खोली शोधायची होती. वन्सं, मी आणि इलेक्ट्रिशियन होऊ पाहणारी ती मुलगी. बाकीच्या दोघी कॉलेजात कागद द्यायला गेल्या होत्या.

आधी अडचण नीट सांगते. कायद्याच्या दृष्टीनं मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती. अठरा पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून आणखी थोडं पुढेही, अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना आधार देण्याची तरतूद आहे आणि केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये ठेवलेले आहेत. पण त्यासाठी अर्ज, शिफारस, मंजुरी, मग पैसे. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, मंजुरी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. दुसऱ्या शहरातल्या अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर कॉलेज बदलावं लागतं. घरच्या मुलीला अठरावं सरलं म्हणून कुणी घराबाहेर काढतं का? या मुलींना मात्र आपल्या अठराव्या वाढदिवसाची भीती वाटते.

फीचं ओझं पूर्वीइतकं राहिलेलं नाही, हेही मान्य करायला पाहिजे. अनाथ मुलांना २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. एका अनाथ तरुणीला स्पर्धा परीक्षेत चांगले गुण मिळूनही कुठल्याच प्रवर्गात बसत नसल्यामुळे अडवलं गेलं आणि तिनं तो प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला, त्यातून हा निर्णय झाला. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. मात्र आरक्षण मिळायला अनाथ प्रमाणपत्र हातात पाहिजे. आमच्या अधीक्षिकाबाई मुलगी नववीत गेली की त्याच्या मागे लागतात, म्हणून तिघींपैकी दोघींची प्रमाणपत्रं वेळेत झाली. तिसरीची आई हयात आहे, तिचा मार्ग वेगळा. सांगायचं म्हणजे, फीसाठी आता दारं आहेत. राहण्यासाठी नाहीत. आणि देणगीदारांची पावती अजूनही फीच्याच नावानं फाडली जाते.

राजारामपुरीत एक खोली बघितली. जागा स्वच्छ, भाडं परवडणारं, केएमटी बसचा थांबा कोपऱ्यावर. मालकीणबाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा टाकला आणि मुलीकडे वळल्या.

“गाव कंचं गं तुझं?”

“कोल्हापूरच, काकी.”

“आनि मूळ गाव?”

मुलीनं एकदा वन्संकडे बघितलं. मग सरळ बसली. “मूळबी हेच धरा. मी बालगृहात वाढलोय. आई-वडील न्हाईत. आयटीआयला जानार हाय. भाडं वेळेवर दीन.”

मालकीणबाईंचा चेहरा पडला. त्या वाईट बोलल्या नाहीत. “पोरगी गुणाची दिसतीया, पर उद्या काय झालं तर मी कुनाला बोलवू?” एवढंच म्हणाल्या. पुढे शाहूपुरीत, मग गंगावेशीच्या बाजूला, सगळीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत. पालक कोण, पाहुणे कोण, सणाला कुठं जाणार. एका ठिकाणी तर ‘तसल्या पोरी नकोत’ असं तिच्या तोंडावर सांगितलं. वन्संनी तिथे जो आवाज चढवला तो मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. मुलगी मात्र शांतपणे चप्पल घालून बाहेर येऊन उभी राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “काकू, हे शाळेतबी व्हायचं. सवय हाय.” या वयाच्या मुलीला असल्या गोष्टीची सवय असणं मला सहन झालं नाही. मी तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार?

परतलो तेव्हा बालगृहात एका कुटुंबाच्या मुलाचा वाढदिवस चालला होता. भला मोठा केक, टोप्या, मुलींना ओळीत बसवून टाळ्या. माणसं मनानं चांगली, मुलींना पोटभर जेवू घातलं. अधीक्षिकाबाईंनी फोटोला नम्रपणे नाही म्हटलं तेव्हा ती मंडळी थोडी हिरमुसली. मला यात एकच सांगावंसं वाटतं, आणि ते मनापासून सांगते. जिला आपला वाढदिवस नेमका कधी हेसुद्धा ठाऊक नाही, अशी मुलगी त्या ओळीत बसलेली असते. दुसऱ्याच्या मुलासाठी तिला गाणं म्हणायला लावू नका. कार्यालयाच्या भिंतीवर गरजेच्या वस्तूंची यादी लावलेली आहे: सॅनिटरी पॅड, चष्मे, दातांच्या डॉक्टरांचा खर्च, इन्व्हर्टरची बॅटरी, पावसाळी बूट. त्यातलं एक उचला आणि केक घरी कापा.

शनिवार

खोली मिळाली ती याच बालगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलीमुळे. ती आता नर्स आहे, एका खाजगी रुग्णालयात काम करते. रात्रपाळी संपवून सकाळी थेट वन्संकडे आली. वन्संनी पोहे पुढे केले, तिनं ते संपवले आणि मगच बोलायला लागली.

बाहेर पडल्यावरचं पहिलं वर्ष कसं गेलं ते तिनं सांगितलं. बालगृहात घंटा झाली की जेवण, घंटा झाली की अभ्यास. बाहेर आल्यावर गॅस सिलिंडर कसा नोंदवायचा, वीजबिल कुठे भरायचं, महिनाभराचा किराणा किती लागतो, यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या पगारातून तिनं सगळ्या मैत्रिणींना कपडे घेतले आणि वीस तारखेला हातात पैसे उरले नाहीत. एकदा तापानं फणफणली, तर औषध आणायला कुणाला सांगावं ते सुचेना, शेवटी मावशींना फोन केला. मावशी आपली सुटी टाकून दोन रात्री तिच्या खोलीवर राहिल्या. “खोली मिळंल वो काकू,” ती म्हणाली, “पर आठवड्यातनं एकदा ‘जेवलीस का’ म्हनून इचारनारं कुनीतरी नेमून द्या. मला मावशी होत्या म्हनून मी टिकलो.”

तिची घरमालकीण साठीच्या पुढची, एकटी राहणारी. वरची खोली रिकामी होती. नर्सताईनं तिच्या गुडघ्यांची दुखणी काढलेली, रात्री-अपरात्री बीपी तपासलेलं, त्यामुळे बालगृहातल्या मुली म्हटल्यावर त्या आजींना विचार करायची गरजच पडली नाही. “तिघी? येऊ देत की. वर बडबड असली म्हंजी मलाबी बरं.” अट एकच, रात्री नऊनंतर फाटक बंद.

दुपारी तिघी खोली बघायला आल्या. इलेक्ट्रिशियनबाईंनी आधी वर बघितलं, मग मीटरचा बोर्ड उघडायला सांगितला आणि अर्थिंग नाही म्हणून जाहीर केलं. बी. एस्सी.वालीनं खिडकीजवळची जागा टेबलासाठी मागून घेतली. तिसरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून हिशेब करत होती: भाडं तिघींत किती, दूध किती, बस पास किती.

भाडं महिना सहा हजार, डिपॉझिट वीस हजार. अकरा महिन्यांचा करार तिघींच्या नावावर केलाय, आमच्या गटाच्या नावावर नाही, कारण पत्ता त्यांचा असायला पाहिजे. आधार कार्डावर, बँकेत, कॉलेजात तोच लागेल. हमीदार म्हणून वन्संनी सही केली. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देऊन झाली. डिपॉझिट आमच्या गटानं भरलंय. पहिलं वर्षभर भाड्याचा दोन-तृतीयांश भाग आम्ही देऊ, उरलेला त्या तिघी देतील. अनुरक्षणाचे अर्ज अधीक्षिकाबाईंनी समितीकडे दिलेत, ती रक्कम सुरू झाली की आमचा वाटा कमी होत जाईल. दर बुधवारी नर्सताई आणि रविवारी वन्सं खोलीवर चक्कर मारणार, आणि गॅस, बिलं, किराणा यांचा हिशेब तिघींना पहिले तीन महिने शेजारी बसून शिकवणार. मावशींना महिन्यातून एकदा तिथे जायला रिक्षाभाडं आणि भरपगारी सुटी द्यायचं संस्थेनं कबूल केलंय, तो खर्च आम्ही उचलतोय.

बालगृहात यंदा बारावीला आणखी दोघी आहेत. त्यांच्या डिपॉझिटसाठी याच महिन्यापासून वेगळं खातं सुरू केलंय, आणि आजींच्या शेजारच्या घरात दिवाळीनंतर एक खोली रिकामी होणार आहे, तिच्यासाठी वन्संनी शब्द टाकून ठेवलाय.